आधी कॉपी, मग दुरुस्ती

कर्जत-खालापुरात लग्नं लागतात मे महिन्यात आणि त्यांच्या व्हिडिओचं मिक्सिंग होतं पावसाळ्यात. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होतो, आणि मृगाच्या आत उरकायची म्हणून एप्रिल-मेमध्ये एकेका तारखेला तीन-तीन हळदी येतात. शूटिंगवाल्याला कार्ड रिकामं करायला उसंत मिळत नाही. मग पावसानं जोर धरला की आपण मशीनसमोर बसतो. तेव्हा भिंतींना ओल असते, दिवसातून चारदा वीज जाते, हार्ड डिस्क काठोकाठ भरलेली असते आणि पार्टीचा फोन येतो, "आमची सीडी कधी देताय?" पेनड्राइव्ह देऊन इतकी वर्षं झाली, तरी लोकांच्या तोंडात शब्द सीडीच आहे.

जून ते ऑगस्ट नेरळ, कडाव, चौक, खोपोली, मोहोपाड्याहून मला ओळखीच्या एडिटरांचे फोन येतात. क्लिप उघडत नाही, टाइमलाइन अडकते, आवाज ओठांच्या पुढे पळतो, एक्सपोर्ट नव्वद टक्क्यांवर मरतो, डिस्क लावली की विंडोज 'फॉरमॅट करा' म्हणतं. दुखणी पाच-सहाच आहेत आणि बहुतेकांना इलाज आहे. खरं नुकसान होतं ते बिघाडानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत, घाबरून केलेल्या खटपटीमुळे. म्हणून हा लेख.

एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी कडावच्या पलीकडच्या एका गावातला मुलगा सकाळी आठ वाजता दारात उभा राहिला. हातात काडेपेटी, काडेपेटीत मेमरी कार्ड, कार्डाच्या कडेला हळदीचा पिवळा ठसा. आदल्या रात्री आगरी घरातली हळद होती. सत्तरी ओलांडलेली धवलारीण मांडवात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गात होती आणि हा तिचं सलग रेकॉर्डिंग करत होता. गर्दीत कुणाचा तरी पाय स्टँडला लागला, कॅमेरा आडवा झाला, बॅटरीचं झाकण उघडलं आणि बॅटरी बाहेर पडली. फाइल कार्डावर दिसत होती, वजन आठ जीबीच्या वर, पण कुठल्याच प्लेअरवर उघडत नव्हती. मुलानं एक गोष्ट मात्र फार शहाणपणाची केली होती. बॅटरी घालून पुन्हा शूटिंग सुरू करण्याआधी त्यानं कार्ड बदललं होतं.

त्या कार्डाचं आम्ही जे केलं, तोच क्रम प्रत्येक बिघाडात ठेवा. कार्डाच्या कडेची बारीक पट्टी 'लॉक'कडे सरकवली, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. मग अख्ख्या कार्डाची प्रतिमा, म्हणजे बाइटन् बाइट जशीच्या तशी कॉपी, दोन वेगळ्या डिस्कवर उतरवली आणि कार्ड परत काडेपेटीत ठेवून दिलं. पुढची सगळी झटापट त्या कॉपीवर.

एमपी४ किंवा एमओव्ही फाइलमध्ये चित्र आणि आवाज तर असतोच, शिवाय कुठली फ्रेम कुठे ठेवली आहे याची अनुक्रमणिकाही असते. बहुतेक कॅमेरे ती रेकॉर्डिंग थांबवल्यावर, म्हणजे अगदी शेवटी लिहितात. वीज अचानक तुटली की माल सगळा कार्डावर असतो, पण अनुक्रमणिका नसल्यामुळे प्लेअरला तो सापडत नाही. 'अनट्रंक' नावाचा मोफत प्रोग्राम अशा फाइलला नवी अनुक्रमणिका तयार करून देतो. त्याला नमुना म्हणून त्याच कॅमेऱ्यातली, त्याच सेटिंगवर घेतलेली एक धडधाकट क्लिप द्यावी लागते. आम्ही मेंदी लावतानाची दोन मिनिटांची क्लिप दिली. धवलारीण बावीस मिनिटं सलग मिळाली, फक्त शेवटच्या दोन-तीन सेकंदांत चित्राचे चौकोन झाले. काही कॅमेरे अशी फाइल स्वतःही सावरतात: कार्ड त्याच कॅमेऱ्यात परत घातलं की 'दुरुस्त करू का' असं विचारतात. पण प्रतिमा काढून झाल्याशिवाय त्याला हो म्हणू नका.

कार्ड चुकून फॉरमॅट झालं किंवा क्लिपा डिलीट झाल्या, तरी नियम हाच. कार्ड बाहेर काढा, त्यावर एक फोटोही घेऊ नका. साध्या फॉरमॅटनं बहुधा यादी पुसली जाते, माल नव्या मालानं झाकेपर्यंत तिथेच असतो. 'फोटोरेक' हा मोफत प्रोग्राम तो शोधून काढतो, आणि काढलेल्या फाइली नेहमी दुसऱ्या डिस्कवर ठेवायच्या, त्याच कार्डावर कधीच नाही. एसएसडीचं गणित वेगळं आहे. डिलीट केलेली जागा एसएसडी बऱ्याचदा लगेच आतून साफ करून टाकते आणि मग ती कुणालाच परत आणता येत नाही. कार्डावरून सुटका झाली म्हणून एसएसडीवरूनही होईल असं धरून चालू नका.

आता निदानाकडे. क्लिप अडकली की संशयित तीन: फाइल, मशीन आणि डिस्क. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. अडकणारी क्लिप व्हीएलसीमध्ये लावा. तिथेही त्याच जागी अडकत असेल तर फाइलवर संशय. नीट चालत असेल तर ती मशीनच्या आतल्या एसएसडीवर कॉपी करून एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये घ्या. आता अडकली नाही तर दोष बाहेरच्या डिस्कचा, केबलचा किंवा पोर्टचा. तरीही अडकली तर मशीनला तो फॉरमॅट झेपत नाहीये. एवढ्याला पाच मिनिटं लागतात. ती न देता लोक आधी विंडोज नव्यानं टाकतात, दिवस जातो आणि दुखणं तिथेच राहतं.

फॉरमॅटच्या बाबतीत मुळातच एक गोंधळ आहे. 'फाइल एमपी४ आहे, मग का चालत नाही?' असं विचारलं जातं. एमपी४ हा नुसता डबा. आतला माल एच.२६४ आहे की एच.२६५, आठ बिटचा की दहा बिटचा, रंगाची माहिती ४:२:० की ४:२:२, यावर सगळं ठरतं. 'मीडियाइन्फो' नावाचा छोटा मोफत प्रोग्राम टाकून ठेवा, क्लिप त्यात ओढली की आतला माल वाचता येतो. कुणालाही मदतीसाठी फोन करण्याआधी ही माहिती हाताशी असू द्या, निम्मं काम तिथेच होतं.

कॅमेरा जागा वाचवण्यासाठी प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही. एक पूर्ण फ्रेम लिहितो आणि पुढच्या बऱ्याच फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढं टिपतो. बघायला हे ठीक आहे. एडिटिंगमध्ये मात्र आपण मध्येच कुठेतरी कट मारतो, आणि ती एक फ्रेम दाखवायला मशीनला मागची सगळी बेरीज-वजाबाकी करावी लागते. हे काम प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डामधली खास चिप करते. दहा बिट ४:२:२ एच.२६५ ही आजकालच्या मिररलेस कॅमेऱ्यांची आवडती फाइल. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांतलं अंगभूत ग्राफिक्स ती उलगडतं, ॲपलच्या एम मालिकेतल्या चिपा उलगडतात, एनव्हिडियाची कार्डं मात्र ५० मालिकेपासून उलगडू लागली. म्हणून महागडं जुनं ग्राफिक्स कार्ड असूनही टाइमलाइन रांगते आणि शेजाऱ्याच्या साध्या लॅपटॉपवर ती पळते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावापुढे 'एफ' असतो त्यात हे अंगभूत ग्राफिक्सच नसतं. मशीन बांधून घेताना थोडे पैसे वाचवायला तो 'एफ' घेऊ नका. डेस्कटॉपवर अंगभूत ग्राफिक्स बायोसमध्ये बंद तर नाही ना, तेही एकदा बघून घ्या.

मशीन बदलणं लगेच शक्य नसेल तर प्रॉक्सी करा. मूळ क्लिपांच्या हलक्या, ७२० रेषांच्या कॉपी करून त्यांवर कापाकापी करायची. एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर आपोआप मूळ क्लिप घेतं. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह दोन्हीत ही सोय आहे. रात्री जेवायला उठताना प्रॉक्सी लावून उठा. एडियसवाल्यांनी, आणि आपल्याकडे लग्नाचं काम करणारे अजूनही बरेचजण एडियसवरच आहेत, त्यातल्या एचक्यूएक्समध्ये क्लिपा बदलून घ्याव्यात. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये बदलायच्या तर 'शटर एन्कोडर' मोफत आहे आणि चांगला आहे. जागेचा हिशेब मात्र आधी करा, कारण २५ फ्रेमचं एचडी फुटेज प्रोरेस ४२२मध्ये तासाला साधारण ५५ जीबी खातं. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती मी नव्या मुलांना मनापासून सुचवतो, पण विंडोजवर ती काही दहा बिट क्लिपा घेत नाही. नुसता आवाज येतो आणि चित्र येत नाही. क्लिप खराब झाली असं समजून घाबरू नका, बदलून घ्या की चालते.

मोबाइलच्या क्लिपांचं दुखणं निराळं. साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या जत्रेत किंवा महडला माघी उत्सवात फोनवर सलग वीस मिनिटं रेकॉर्डिंग केलं की टाइमलाइनवर सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं. पंधराव्या मिनिटाला टाळ आधी ऐकू येतो आणि हात नंतर हलतो. फोन सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की तो वेग थोडा कमी-जास्त करतो. आवाज मात्र एका चालीनं चालतो, आणि सॉफ्टवेअर प्रत्येक सेकंद सारखा धरतं. आवाज कापून मागे-पुढे सरकवत बसू नका, त्याला अंत नाही. क्लिप 'हँडब्रेक' या मोफत प्रोग्राममध्ये घ्या, फ्रेमरेट ३० निवडा, त्याखालचा 'कॉन्स्टंट' पर्याय धरा आणि नवी फाइल टाइमलाइनवर टाका.

शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. हॉलमधल्या दिव्यांखाली ३० फ्रेमवर चित्रात पट्टे धावतात ते त्यामुळे. कॅमेरा २५ किंवा ५० फ्रेमवर आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवलं तर बहुतेक पट्टे जातात. स्वस्त एलईडीच्या माळा तरी ऐकत नाहीत, तिथे शटर थोडं थोडं बदलत डोळ्यांनीच ठरवावं लागतं. आयफोनमध्येही पाल फॉरमॅट सुरू केला की २५चा पर्याय मिळतो. दोघं-तिघं मिळून शूट करणार असाल तर हळदीला निघण्याआधी सगळ्यांचे फ्रेमरेट एकदा बोलून घ्या. मागून ते जुळवताना हलणाऱ्या चित्राला हिसके बसतात आणि ते पूर्ण कधीच जात नाहीत. आयफोनच्या क्लिपेत चेहरे पांढरेफटक दिसत असतील तर ती एचडीआर क्लिप आहे. पुढच्या वेळी फोनमध्ये एचडीआर बंद करा, आणि हातातल्या क्लिपेसाठी सॉफ्टवेअरमध्ये तिची रंगजागा बदला. नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर क्लिप मागवायची तर 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं स्पष्ट सांगा, नाहीतर ती पिळवटून येते आणि तिचं पुढे काहीच करता येत नाही.

सॉफ्टवेअरच्या तक्रारींपैकी 'मीडिया ऑफलाइन' ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त घाबरवणारी. लाल पडदा दिसला की धाबं दणाणतं. बहुतेक वेळा फुटेज जागेवरच असतं, फक्त काल जी डिस्क 'ई' होती ती आज 'एफ' झालेली असते, कारण मध्ये कुणी पेनड्राइव्ह लावला. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन कामाच्या डिस्कला कायमचं एक अक्षर द्या, वर्णमालेच्या शेवटचं, म्हणजे ते दुसरं कुणी बळकावणार नाही. फोल्डरांची नावंही लांबलचक ठेवू नका. पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की विंडोजमधले बरेच प्रोग्राम ती फाइल उघडत नाहीत.

प्रीमियर वारंवार बंद पडत असेल तर आधी सी ड्राइव्ह बघा. मीडिया कॅश तिथे साठत जातो आणि जागा संपली की सगळंच लंगडतं. कॅश पुसला तर फुटेजला धक्का लागत नाही, तो पुन्हा तयार होतो. त्यानं भागलं नाही तर नवा प्रोजेक्ट उघडून जुना त्यात इम्पोर्ट करा, कारण बिघडलेली गोष्ट अनेकदा प्रोजेक्ट फाइलच असते. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर गेमवाला असेल तर 'स्टुडिओ' ड्रायव्हर टाका. आणि एक नियम कडक पाळा: चालू काम अर्धवट असताना सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, विंडोज, काहीही अपडेट करायचं नाही. हंगाम संपल्यावर करा.

एक्सपोर्ट एकाच ठिकाणी मरत असेल तर ती जागा शोधा. टाइमलाइनचा पहिला अर्धा भाग एक्सपोर्ट करून बघा. निघाला तर दोष दुसऱ्या अर्ध्यात. त्याचे पुन्हा दोन भाग करा. पाच-सहा फेऱ्यांत तुम्ही नेमक्या क्लिपवर किंवा इफेक्टवर येता. मग ती क्लिप बदलून घ्या किंवा तो इफेक्ट काढा. एकदा एक्सपोर्टचं काम ग्राफिक्स कार्डावरून काढून नुसत्या प्रोसेसरवर टाकूनही बघा. वेळ लागतो, पण रात्रभरात काम निघून जातं. चोरून टाकलेल्या सॉफ्टवेअरबद्दलही स्पष्टच लिहितो. त्यातले बरेच क्रॅश त्या तोडलेल्या फाइलींमुळे होतात, आणि त्यांच्यासोबत आलेल्या व्हायरसनं एकाच वेळी सगळ्या डिस्कांना कुलूप लावलेलं मी पाहिलं आहे. रिझॉल्व्ह मोफत आणि रीतसर मिळत असताना लोकांच्या लग्नाचं फुटेज त्या धोक्यात घालू नये असं मला मनापासून वाटतं.

मराठी टायटलचं एक दुखणं खास आपलं. 'चि. सौ. कां.' लिहिलं की वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरं फुटतात. लोक वैतागून फोटोशॉपमध्ये टायटल करून चित्र म्हणून आणतात. प्रीमियरच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये लिपीचं इंजिन 'साउथ एशियन' करा, मग नवं टायटल घ्या. फाँट युनिकोडच हवा. जुन्या टंकांत टाइप केलेला मजकूर फाँट बदलला की कचरा होतो. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' मोफत आहे, वाचायला स्वच्छ आहे आणि पत्रिकेतल्या सगळ्या जोडाक्षरांना पुरतो.

आता डिस्क. इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण सॉफ्टवेअर नव्यानं टाकता येतं, हळद पुन्हा लावता येत नाही.

हिशेबापासून सुरू करू. कॅमेऱ्यावर १०० मेगाबिट लिहिलेलं असतं त्याला आठनं भागा: सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. पन्नास मेगाबिटवर त्याच्या निम्मे. दोन कॅमेरे, प्रत्येकी पाच तास, ५० मेगाबिट धरले तर एका लग्नाचे २२५ जीबी. 'एक टीबी'ची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते. म्हणजे तिच्यात चार लग्नं मावतात, आणि चारही भरू नयेत, कारण काठोकाठ भरलेली डिस्क मंदावते. दहा-पंधरा टक्के जागा रिकामी ठेवा. तेच २२५ जीबी जुन्या यूएसबी २ पोर्टातून उतरवायला पावणेदोन तास जातात आणि निळ्या यूएसबी ३ पोर्टातून साध्या हार्ड डिस्कवर पाऊण तासाच्या आत उतरतात. 'डिस्क स्लो झाली' म्हणून आलेल्या कितीतरी डिस्का चुकीच्या पोर्टात किंवा सैल केबलवर असतात.

तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम हार्ड डिस्कवर अडकणारच. तिच्या आतला हात एका वेळी एकाच जागी असतो आणि आपण तीन ठिकाणचं मागतो. चालू काम एसएसडीवर आणि संपलेलं काम हार्ड डिस्कवर, ही वाटणी मला सगळ्यात परवडणारी वाटते. उलट करू नका, कारण एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात पडून राहिली तर तिच्यातला माल विरू शकतो. काही स्वस्त हार्ड डिस्का पहिली काही मिनिटं पळतात आणि मग रांगतात. त्यांच्यात लिहिण्याचे पट्टे कौलांसारखे एकावर एक असतात. त्या बिघडलेल्या नसतात, साठवणीला चालतात, एडिटिंगला घेऊ नयेत.

कार्ड उतरवताना नुसत्या व्हिडिओ फाइली निवडून घेऊ नका. कार्डावरचं सगळं, फोल्डरांसकट, जसंच्या तसं घ्या. लांब रेकॉर्डिंगचे तुकडे कसे जोडायचे याची माहिती त्या निरुपयोगी वाटणाऱ्या छोट्या फाइलींत असते, आणि ती सुटली की काही कॅमेऱ्यांच्या क्लिपांत जोडावर आवाज तुटतो. कॉपीला 'टेराकॉपी' वापरा आणि पडताळणीचा पर्याय चालू ठेवा. दुसरी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच करायचं. चौकजवळ नितीन देसाईंनी २००५मध्ये उभारलेल्या एन. डी. स्टुडिओसारख्या ठिकाणी मोठं डिजिटल युनिट येतं, तेव्हा कार्ड उतरवायला, पडताळायला स्वतंत्र माणूस नेमलेला असतो आणि त्याच्या हुकमाशिवाय कार्ड पुसत नाहीत. आपल्या दोघा-तिघांच्या युनिटमध्ये तो माणूस कोण, हे शूटच्या आधी ठरवा. नवं कार्ड किंवा पेनड्राइव्ह घेतल्यावर 'एच२टेस्टडब्ल्यू'नं एकदा पूर्ण भरून तपासा. स्वस्तात मिळालेल्या 'दोन टीबी'च्या पेनड्राइव्हमध्ये खरे ३२ जीबीच असू शकतात आणि बाकीचं फुटेज हवेत लिहिलं जातं.

महिन्यातून एकदा सगळ्या डिस्का 'क्रिस्टलडिस्कइन्फो'त बघा. निळा रंग ठीक. पिवळा आला तर त्याच दिवशी सगळं दुसरीकडे हलवा. 'पेंडिंग सेक्टर'चा आकडा शून्यावरून हलला की मी त्या डिस्कवर पुन्हा विश्वास टाकत नाही. 'सीआरसी'चा आकडा वाढत असेल तर मात्र आधी केबल बदला.

'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क' अशी खिडकी आली तर ती बंद करा. केबल बदला, पोर्ट बदला, दुसऱ्या मशीनवर लावा. तरीही तेच असेल तर चेकडिस्क चालवू नका. तो यादी सुरळीत करण्याच्या नादात फाइलींचे तुकडे करतो. आधी डिस्कची प्रतिमा, मग प्रयोग. एक्सफॅटच्या डिस्कवर हे संकट जास्त येतं, कारण वीज गेली किंवा केबल ओढली तेव्हा अर्धं राहिलेलं लिखाण सावरायची नोंदवही तिच्यात नसते. नुसतं विंडोजवर काम असेल तर डिस्क एनटीएफएस करा. मॅकवाल्या मित्राशी देवाणघेवाण असेल तेवढीच एक्सफॅट ठेवा.

आणि डिस्क टक् टक् आवाज करू लागली तर प्लग काढा. दुसऱ्यांदा लावून बघू नका, झाकण उघडू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका. आतली सुई तबकडीवर घासत असेल तर प्रत्येक फेरीत फुटेज खरवडलं जातं. तिथे घरगुती उपाय संपतात, डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत जावं लागतं, आणि खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट येतो. पार्टीला खरं सांगा आणि त्यांना ठरवू द्या.

पावसाची तयारी वेगळी. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर जुलैत रेंडर लावणं म्हणजे जुगार आहे. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनला ६०० व्हीएचा पुरत नाही, एक हजारच्या वरचा घ्या आणि बाहेरच्या डिस्कचा अडॅप्टरही त्याच्यावरच लावा. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर, आणि त्याचा फोल्डर वेगळ्या डिस्कवर. वापरात नसलेल्या डिस्का, कार्डं, लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. नारंगी दाण्यांची घ्या, रंग पालटला की ओल भरली असं समजा आणि दाणे जुन्या पत्र्यावर तापवून पुन्हा वापरा, स्वयंपाकाच्या भांड्यात नको. भिजलेली डिस्क तांदळात पुरू नका. आपला भाताचा तालुका, त्यामुळे हा उपाय चटकन सुचतो, पण तांदळाची भुकटी पोर्टात जाऊन बसते. भिजलेली डिस्क मुळात सुरूच करायची नाही.

दोन कॉपी एकाच कपाटात असतील तर ती एकच कॉपी समजा. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम आज जगभर पाळला जातो: तीन कॉपी, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे किती लांब? २६ जुलै २००५चा महापूर उल्हासकाठच्या कुणीही विसरलेला नाही. २७ जुलै २०१९ला तर बदलापूर-वांगणीच्या मध्ये अख्खी महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. नदीकाठच्या तळमजल्यावर एक आणि त्याच नदीकाठच्या मावशीकडे दुसरी, हे दुसरी जागा होत नाही.

मुंबईहून येताना वांगणी नेरळच्या अलीकडे लागते. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'चं बाहेरचं चित्रीकरण त्याच वांगणीत केलं होतं. लाकडी तलवारी घेतलेली मंडळी बघून गावकऱ्यांना दरोडेखोर आले असं वाटलं आणि प्रकरण फौजदारापर्यंत गेलं, ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. १९१३ साली आलेल्या त्या चार रिळांच्या चित्रपटाची आज पहिली आणि शेवटची एवढीच रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, आणि तीही १९१७च्या पुनर्निर्मितीतली असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. मधली दोन कुणाकडेच नाहीत. वांगणीहून लोकल जाताना मला ती दोन रिळं दर वेळी आठवतात.

शेवटचं काम पेनड्राइव्ह देण्याचं. तो फॅट ३२ असेल तर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यात बसत नाही आणि कॉपी मध्येच नकार देते. तीन तासांची फिल्म १० मेगाबिटवर साडेतेरा जीबी होते, म्हणून हळद, लग्न, वरात असे भाग पाडा किंवा पेनड्राइव्ह बदलून घ्या, आणि पार्टीचा टीव्ही कुठला प्रकार वाचतो ते आधी विचारा. फाइल एच.२६४, एचडी, २५ फ्रेमची ठेवा. एच.२६५ जुन्या टीव्हींवर उघडत नाही आणि मग रात्री दहाला फोन येतो. देण्याआधी दुकानातल्या टीव्हीवर प्रत्येक भागाची सुरुवात, मध्य आणि शेवट लावून बघा.

त्या धवलारिणीच्या हळदीचे आम्ही दोन पेनड्राइव्ह केले होते आणि बावीस मिनिटांचे धवले न कापता वेगळ्या फाइलीत ठेवले होते. तेव्हापासून मी प्रत्येक लग्नाचे दोनच देतो. एक सासरी आणि एक माहेरी.